मालमोटारीच्या पोलादी बंपरवर विंच : रचना, बसवणी आणि दक्षता

तापी नदीच्या मुखाजवळ वसलेल्या सुरत शहराचा खानदेशाशी असलेला संबंध जुना व निकटचा आहे. जी तापी धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांतून वाहत येते, तीच पुढे सुरतेच्या समुद्रास मिळते. पूर्वी क्रमांक ६ म्हणून ओळखला जाणारा व आता क्रमांक ५३ असलेला राष्ट्रीय महामार्ग हजिऱ्याहून निघून सोनगड, नवापूर, कोंडाईबारी घाट या मार्गाने धुळ्याकडे येतो. उधना, पांडेसरा, सचिन येथील औद्योगिक वसाहतींत आणि लिंबायतसारख्या वस्त्यांत मराठी भाषिक कामगारांची मोठी वस्ती आहे. दरवर्षी पावसाळा सरला की नंदुरबार व धुळे जिल्ह्यांतील हजारो ऊसतोड कामगार कोयता घेऊन बारडोली आणि आसपासच्या साखर कारखान्यांच्या क्षेत्रात जातात.

या भूभागात वाहन रुतण्याचे प्रसंग तीन ठिकाणी विशेषेकरून येतात. पहिले ठिकाण समुद्रकिनारा. खंबायतच्या आखातालगत भरती-ओहोटीचा फरक फार मोठा असून डुमस, सुवाळी येथील किनाऱ्यावर बारीक गाळ साचतो. वरून कोरडा दिसणारा हा थर चाकाखाली दबला की खालचे पाणी वर येते, आणि भरती येण्यापूर्वी वाहन बाहेर निघाले नाही तर ते पाण्यात जाते. दुसरे ठिकाण उसाचे शेत. परतीच्या पावसाने भिजलेल्या काळ्या जमिनीत भरलेली मालमोटार आसापर्यंत रुतते. तिसरा प्रसंग पुराचा. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडाव्या लागलेल्या पाण्याने सुरत शहराचा फार मोठा भाग जलमय झाला होता. जून २०२५ मधील अतिवृष्टीतही खाड्यांचे पाणी शहरातील सखल वस्त्यांत शिरले. अशा वेळी मदतीस निघालेले वाहनच रुतून बसले तर मदत पोहोचत नाही.

रुतलेले वाहन ओढून काढण्यासाठी पुढील पोलादी बंपरवर विंच बसविण्याची पद्धत यामुळेच रूढ झाली. परंतु हे काम चार बोल्ट आवळून संपणारे नाही. विंच म्हणजे कित्येक टनांची ओढ एका बोटाएवढ्या दोरात साठविणारे यंत्र होय. त्याची बसवणी सदोष असेल तर ज्यांच्या मदतीसाठी ते आणले, त्यांच्याच जिवावर ते बेतू शकते. म्हणून या साधनाचे शास्त्र, त्याविषयीचा कायदा आणि वापरातील दक्षता यांचा येथे क्रमाने विचार केला आहे.

विंचचे तत्त्व

विहिरीवरील रहाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना विंचचे तत्त्व समजण्यास अडचण पडणार नाही. रहाटाचा दांडा लांब आणि दोर गुंडाळला जाणारा लाट लहान असतो. त्यामुळे हाताच्या थोड्या बळाने पाण्याने भरलेली बादली वर येते. बळात जेवढा लाभ होतो तेवढीच गती कमी होते. विंचमध्ये माणसाच्या हाताऐवजी विजेची मोटर, द्रवदाबाची मोटर किंवा गाडीचे इंजिन असते, आणि लांब दांड्याचे काम दंतचक्रांची माळ करते. मोटरच्या शेकडो फेऱ्यांनंतर ड्रमचा एक फेरा पूर्ण होतो, म्हणून ओढ प्रचंड व गती मंद असते.

विंचवर लिहिलेली कमाल ओढ ही ड्रमवरील दोराच्या केवळ पहिल्या थरासाठी असते, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. दोराचे थर वाढले की ड्रमची त्रिज्या वाढते आणि त्या प्रमाणात ओढ घटते. उदाहरणार्थ, ६४ मिलिमीटर व्यासाच्या ड्रमवर ९.५ मिलिमीटर जाडीचा दोर असेल, तर पहिल्या थरात ड्रमच्या मध्यापासून दोराच्या मध्यापर्यंतचे अंतर ३६.७५ मिलिमीटर होते. चौथ्या थरात तेच ६५.२५ मिलिमीटर होते. म्हणजे पहिल्या थरावर ५,४४३ किलोग्रॅम ओढणारा विंच चौथ्या थरावर सुमारे ३,०६५ किलोग्रॅमच ओढतो. म्हणून अवघड प्रसंगी शक्य तेवढा दोर सोडून लांबचा आधार निवडावा. मात्र पोलादी दोराचे किमान ५ वेढे ड्रमवर नेहमी राहिले पाहिजेत. दोराचे टोक ड्रमला एका लहान खिळीने अडकविलेले असते. खरी पकड वेढ्यांच्या घर्षणाची असते.

किती ओढ लागते?

विंच निवडण्यापूर्वी गरजेचा अंदाज घ्यावा. कठीण व सपाट रस्त्यावर वाहन नुसते हलविण्यास त्याच्या वजनाच्या पंचविसाव्या हिश्शाएवढी ओढ पुरते. चढावर त्यात भर पडते. १२ मीटरला १ मीटर चढ असलेल्या रस्त्यावर १० टनांच्या मालमोटारीस चढासाठी सुमारे ८३३ किलोग्रॅम आणि चाकांच्या घर्षणासाठी सुमारे ४०० किलोग्रॅम, अशी एकूण १,२३३ किलोग्रॅमच्या आसपास ओढ लागेल. चिखलाचे गणित मात्र निराळे आहे. लष्करी वाहने बाहेर काढण्याच्या कामात असा ठोकताळा वापरला जातो, की वाहन चाकाच्या मध्यापर्यंत रुतले तर त्याच्या वजनाएवढी, चिखलरोधक पत्र्यापर्यंत रुतले तर वजनाच्या दुप्पट आणि चालकाच्या कक्षापर्यंत बुडाले तर तिप्पट ओढ लागते.

म्हणून वाहनाच्या भरलेल्या एकूण वजनाच्या किमान दीडपट ओढीचा विंच निवडावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. ३.५ टन एकूण वजनाच्या बचाव वाहनास या हिशेबाने ५,२५० किलोग्रॅम ओढीचा विंच हवा. बाजारात विंचची क्षमता पौंडांत सांगितली जाते. १२,००० पौंडांचा विंच म्हणजे ५,४४३ किलोग्रॅमचा होय व तो येथे योग्य ठरेल. दोन आसांच्या मोठ्या मालमोटारीस मात्र हा दंडक २५ टनांच्या पुढे नेतो. तेथे बॅटरीवर चालणारा विंच कुचकामी ठरतो. त्यासाठी इंजिनाच्या शक्तीवर किंवा द्रवदाबावर चालणारा विंच असलेले, त्याच कामासाठी बांधलेले वाहन बोलावणे श्रेयस्कर.

कायद्याची बाजू

लोखंड कापण्यापूर्वी कायदा पाहणे आवश्यक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या वर्णनाशी विसंगत होईल असा फेरबदल वाहनात करता येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने वाहनांच्या पुढे बसविल्या जाणाऱ्या अनधिकृत लोखंडी संरक्षक कठड्यांवर कारवाई करण्याविषयी राज्यांना कळविले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ वर्णनाशी विसंगत फेरबदल मान्य होणार नाहीत, असा निर्वाळा दिला. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये, नियमबाह्य फेरबदल करणाऱ्या वाहनमालकास ६ महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक फेरबदलास ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

या निर्बंधामागे शास्त्रीय कारण आहे. आधुनिक वाहनाचा पुढचा भाग टक्कर होताच ठराविक रीतीने चुरगळून धक्का शोषून घेतो आणि आतील हवेच्या पिशव्या योग्य क्षणी उघडतात. त्यापुढे जाड पोलादी बंपर आला की धक्का न शोषला जाता थेट सांगाड्यात व प्रवाशांत पोहोचतो, पिशव्यांचे संवेदक चुकू शकतात, आणि पादचाऱ्यास होणारी इजा अधिक गंभीर होते. म्हणून खाजगी मोटारीवर केवळ शोभेसाठी असा बंपर व विंच बसविणे वर्ज्य समजावे. अग्निशमन, बचावकार्य, अपघातग्रस्त वाहने ओढणे अशा कामांसाठीच्या वाहनांवर तो बसवावयाचा असल्यास उत्पादकाची लेखी संमती घ्यावी आणि प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या मंजुरीनंतर नोंदणीत त्याची नोंद करून घ्यावी. ज्या ग्रामपंचायतीस, कारखान्यास किंवा वाहनमालकास असे वाहन ठेवणे शक्य नाही, त्यांच्यासाठी टिरफोर या नावाने ओळखले जाणारे हाताने चालविण्याचे ओढयंत्र उपयुक्त आहे. त्यासाठी वाहनात कोणताही फेरबदल करावा लागत नाही.

बंपर आणि चेसिस

मूळ बंपर हा बहुधा पातळ पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा असतो. त्यावर विंचचा भार टाकता येत नाही. खास तयार करविलेल्या पोलादी बंपरचेही खरे काम विंचला झाकणे एवढेच असते. ओढीचा सर्व भार विंचच्या पायांतून जाड बैठक पट्टीत, तेथून दोन बाजूंच्या कंसांत आणि कंसांतून चेसिसच्या दोन लांब तुळयांत उतरला पाहिजे. या साखळीतील सर्वांत दुबळी कडी जेवढी सबळ, तेवढीच संपूर्ण रचना सबळ. बंपरचा पत्रा कितीही जाड असला तरी कंस कमकुवत असेल तर तो उपयोगाचा नाही.

५ टनांच्या आसपासच्या पुष्कळशा विंचच्या पायांना चार बोल्टांची छिद्रे असून त्यांच्यातील अंतर २५४ मिलिमीटर गुणिले ११४.३ मिलिमीटर असे ठरलेले असते. बैठक पट्टी ६ मिलिमीटरपेक्षा कमी जाडीची नसावी व कडेने दुमडलेली किंवा आडव्या पट्ट्यांनी पुष्ट केलेली असावी. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा अंक कोरलेला पाहून घ्यावा. त्यातील पहिल्या अंकाचा अर्थ असा की, त्या पोलादाचे ताणबल दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८० किलोग्रॅम आहे. १० मिलिमीटरचा असा एक बोल्ट आडवा कापला जाण्यास सुमारे २,८०० किलोग्रॅम बळ लागते. चार बोल्टांचे मिळून ११,२०० किलोग्रॅम होतात. ५,४४३ किलोग्रॅमच्या विंचसाठी ही दुपटीची सुरक्षितता झाली. परंतु चारही बोल्टांनी समान भार घेतला तरच हे गणित खरे ठरते. एक बोल्ट सैल राहिला किंवा दोर तिरका ओढला गेला, तर भार दोघांवरच येतो व सुरक्षितता जवळजवळ नाहीशी होते.

दुसरा मुद्दा उंचीचा. दोर चेसिसच्या तुळईच्या पातळीपेक्षा १५ सेंटिमीटर वर असेल, तर ५,४४३ किलोग्रॅमच्या ओढीने कंसावर सुमारे ८१६ किलोग्रॅम-मीटर इतका पिळ येतो. एक मीटर लांबीच्या पहारीच्या टोकास आठ क्विंटल धान्य टांगण्यासारखा हा प्रकार आहे. म्हणून विंच शक्य तेवढा तुळयांच्या पातळीत बसवावा आणि कंसांना तिरकस टेकू द्यावेत.

तिसरा मुद्दा वजनाचा. विंच व बंपर मिळून १२० किलोग्रॅम वजन पुढील आसाच्या ०.८ मीटर पुढे बसविले आणि दोन आसांतील अंतर ३.३ मीटर असले, तर पुढील आसावरील भार १२० नव्हे, तर सुमारे १४९ किलोग्रॅमने वाढतो व मागील आसावरचा २९ किलोग्रॅमने घटतो. तराजूच्या दांडीचाच हा नियम आहे. पुढील आसाची मंजूर भारमर्यादा, कमानींची शक्ती व टायरांतील हवा यांचा विचार त्यानुसार करावा.

बसवणीचा क्रम

प्रथम वाहन सपाट जागी उभे करून चाकांना ठोकळे लावावेत व बॅटरीची ऋण जोडणी सोडावी. जुना बंपर उतरविल्यावर चेसिसच्या तुळयांची टोके स्वच्छ करून गंज, तडा किंवा जुन्या अपघाताची वाकण आहे काय, हे तपासावे. तडा गेलेल्या तुळईवर विंच बसवू नये.

त्यानंतर पुठ्ठ्याचा नमुना कापून कंसांचे माप घ्यावे. चेसिसवर उत्पादकाने ठेवलेलीच छिद्रे शक्यतो वापरावीत. पुष्कळ मालमोटारींच्या तुळया विशेष प्रक्रियेने कठीण केलेल्या पोलादाच्या असतात. त्यांच्या वरच्या व खालच्या पाळीला छिद्र पाडल्यास किंवा त्यांवर वेल्डिंग केल्यास ते पोलाद तेथे दुबळे होते आणि महिनोन्‌महिन्यांनंतर त्याच जागी तडा जातो. म्हणून कंस बोल्टनेच जोडावेत. बंपरचे वेल्डिंग वाहनापासून दूर, जमिनीवर पूर्ण करून घ्यावे. सांधे कुशल वेल्डरकडूनच घ्यावेत. वरून गुळगुळीत घासलेला सांधा आतून भरलेला असतोच असे नाही. विंचचे पाय बैठकीस कधीही वेल्ड करू नयेत, कारण उष्णतेने आतील दंतचक्रांचे व तेलबंदांचे नुकसान होते आणि पुढे दुरुस्तीसाठी विंच काढणेही अशक्य होते.

बंपर चढविल्यावर सर्व बोल्ट प्रथम हाताने लावून मग आडव्या-तिडव्या क्रमाने, उत्पादकाने सांगितलेल्या मापाने आवळावेत. रेडिएटरकडे जाणारी हवा अडत नाही, दिव्यांचा प्रकाश झाकला जात नाही, नोंदणी क्रमांक स्पष्ट दिसतो आणि पुढची चाके पूर्ण वळविली तरी कोठे घासत नाहीत, याची खात्री करावी. पहिल्या भारित चाचणीनंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत.

विद्युत जोडणी

१२ व्होल्टचा असा विंच पूर्ण भारावर सुमारे ४०० अँपिअर विद्युतप्रवाह घेतो. गाडीचे जनित्र सामान्यतः याच्या चौथ्या हिश्शाएवढाही प्रवाह देऊ शकत नाही. बाकीचा भार बॅटरीवर पडतो. म्हणून इंजिन चालू ठेवून, थोडा वेळ ओढून, थांबून, मोटर थंड होऊ देऊन पुन्हा ओढावे.

तार बारीक असण्याचा धोका एका उदाहरणाने स्पष्ट होईल. बॅटरी विंचपासून ३ मीटरवर असली तर जाण्यायेण्याची तार ६ मीटर होते. ५० चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेत ४०० अँपिअरला सुमारे ०.८ व्होल्ट वाया जातात. त्याऐवजी १६ चौरस मिलिमीटरची तार घातली तर सुमारे २.६ व्होल्ट वाया जातात आणि तारेत एक किलोवॅटहून अधिक उष्णता निर्माण होते. विजेच्या शेगडीएवढी ही उष्णता रबरी आवरण वितळवून आग लावण्यास पुरेशी आहे. म्हणून तार वेल्डिंगच्या केबलसारखी जाड असावी. परतीची तार चेसिसला न जोडता थेट बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत न्यावी. धन तारेवर, चालकाच्या हाताशी येईल असा मुख्य खंडक बसवावा व काम नसेल तेव्हा तो बंद ठेवावा. तार धारदार कडेवरून जाते तेथे रबरी नळी चढवावी. मोठ्या मालमोटारींची व्यवस्था २४ व्होल्टची असते. तेथे १२ व्होल्टचा विंच एका बॅटरीवर जोडण्याची क्लृप्ती करू नये, त्याच व्होल्टचा विंच घ्यावा.

दोर, रूळ आणि कप्पी

दोर दोन प्रकारचे असतात. पोलादी तारेचा दोर खरबरीत वापर सोसतो, पण जड असतो व तुटताना भयंकर वेगाने उसळतो. कृत्रिम धाग्याचा दोर हलका असतो, पाण्यावर तरंगतो आणि तुटला तरी कमी उसळतो. परंतु वाळूचे कण, ऊन आणि ड्रममधील ब्रेकची उष्णता यांनी तो झिजतो. सुरतेच्या किनाऱ्यावरील वाळूमिश्रित गाळात त्याची निगा अधिक राखावी लागते. पोलादी दोरासाठी चार रुळांची चौकट आणि कृत्रिम दोरासाठी गुळगुळीत, खाचा नसलेली चौकट वापरावी. पोलादी दोराने चरे पडलेल्या रुळांवर नंतर कृत्रिम दोर चालविल्यास तो कापला जातो.

पोलादी दोराच्या टोकास क्लिप लावावयाच्या असल्यास इंग्रजी यू आकाराचा भाग दोराच्या आखूड, मोकळ्या टोकावर आणि खोबणीचा भाग भार घेणाऱ्या दोरावर यावा. उलट लावल्यास भार घेणारा दोर चेपून दुबळा होतो.

बाजू उघडणारी कप्पी हे विंचचे मोठे साहाय्य होय. रुतलेल्या वाहनास कप्पी बांधून दोर तिच्यातून परत आणला की ओढ जवळजवळ दुप्पट व गती निम्मी होते. मात्र परत आणलेले दोराचे टोक विंचच्याच बंपरला अडकवू नये. तसे केल्यास दोराच्या दोन्ही पदरांचा भार, म्हणजे दहा टनांहून अधिक, त्याच कंसांवर येतो. ते टोक वेगळ्या झाडास किंवा चेसिसच्या मूळ ओढकड्यास बांधावे. दिशा बदलण्यासाठी कप्पी झाडास बांधली आणि दोर काटकोनात वळला, तर झाडावर दोराच्या ताणाच्या सुमारे १.४ पट भार येतो, याचाही विचार आधार निवडताना करावा. झाडास साखळी न बांधता रुंद पट्टा बांधावा, म्हणजे साल कापली जात नाही. जेथे झाड नाही तेथे जाड ओंडका किंवा जादा चाक खोल चरात आडवे पुरून, त्यास दोर बांधून आधार तयार करता येतो.

वापरताना घ्यावयाची दक्षता

बारडोलीच्या बाजूस उसाच्या शेतात १० टनांची भरलेली मालमोटार चाकाच्या मध्यापर्यंत रुतली आहे, अशी कल्पना करावी. ठोकताळ्याप्रमाणे १० टन ओढ लागेल. ५,४४३ किलोग्रॅमचा विंच एकेरी दोराने ती देऊ शकत नाही. कप्पीने दुप्पट केली तरी घर्षण वजा जाता सर्व यंत्रणा मर्यादेच्या टोकावर येते. शिवाय ३.५ टनांचे विंचवाहन ओल्या मातीवर फार तर १,४०० किलोग्रॅमपर्यंत पकड धरील. म्हणजे रुतलेली मालमोटार हलण्याऐवजी विंचवाहनच पुढे घसरेल. ते मागील बाजूने झाडास किंवा पुरलेल्या आधारास जखडल्यावाचून ओढ सुरू करू नये.

याच ठिकाणी खरा निर्णय असतो. ४ टन ऊस उतरविला आणि चाकांपुढील माती कुदळीने उतरती केली, तर लागणारी ओढ ६ टनांवर किंवा त्याहूनही खाली येते आणि काम सुरक्षित मर्यादेत होते. ऊस उतरविणे व पुन्हा भरणे यात कष्ट व वेळ जातो. हे कष्ट तोडणी कामगारांनाच करावे लागतात, त्यामुळे ते टाळण्याकडे सर्वांचा कल असतो, हे समजण्यासारखे आहे. परंतु भरलेल्या गाडीस दोर लावून, सभोवती माणसे खांदा देत असताना जोर करणे म्हणजे त्यांना तुटणाऱ्या दोराच्या कक्षेत उभे करणे होय. या कष्टांची मजुरी देणे मुकादम व वाहनमालक यांना निश्चितच परवडणारे आहे. तुटलेल्या दोराने गेलेल्या माणसाची भरपाई कोणासच करता येत नाही.

ताणलेल्या दोराजवळ पुढील नियम कसोशीने पाळावेत.

१. दोराच्या लांबीइतक्या अंतराच्या आत चालक व खुणा करणारा एक मनुष्य यांखेरीज कोणीही असू नये. बघ्यांना, विशेषतः मुलांना, प्रथम दूर करावे.

२. ताणलेला दोर ओलांडू नये व त्यावर पाय देऊ नये.

३. दोराच्या मध्यभागी भिजलेले गोणपाट किंवा जाड घोंगडी टाकावी. दोर तुटल्यास त्याची उसळी कमी होते.

४. चामड्याचे हातमोजे वापरावेत. दोर गुंडाळताना हात रुळांपासून किमान एक मीटर दूर ठेवावा.

५. आकडा दोरावरच परत अडकवू नये. पट्टा व शॅकल वापरावे.

६. खुणा एकानेच कराव्यात. थांबण्याची खूण मात्र कोणीही करावी आणि ती तत्काळ पाळली जावी.

७. विंचने माणसे उचलू नयेत. उतारावर उभे वाहन केवळ विंचच्या ब्रेकवर सोडून जाऊ नये. चाकांना ठोकळे लावावेत.

८. दोरास झटका देऊ नये. प्रथम ढील काढावी, थांबून सर्व गाठी व कड्या पाहाव्यात, मग भार द्यावा.

पुराच्या पाण्यात या नियमांत आणखी एकाची भर पडते. वाहत्या पाण्यात वाहन किती खोल आहे व तळ कसा आहे, हे दिसत नाही. प्रथम माणसांची सुटका करावी आणि वाहनाचा विचार पाणी ओसरल्यावर करावा.

देखभाल

खाऱ्या पाण्याचा स्पर्श झालेला विंच व दोर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, पोलादी दोरास तेलाचा हात द्यावा. नवा दोर प्रथम पूर्ण सोडून हलक्या भाराखाली एकसारखा गुंडाळावा. सैल गुंडाळलेला दोर भाराखाली खालच्या थरात रुतून चेपला जातो. महिन्यातून एकदा विंच चालवून पाहावा, विद्युत जोडण्यांची टोके स्वच्छ करावीत आणि कंसांचे बोल्ट तपासावेत.

दोर कधी टाकून द्यावा याचा निकष गोदीकामगारांच्या सुरक्षेसाठी १९९० साली करण्यात आलेल्या विनियमांत सापडतो. दोराच्या व्यासाच्या आठपट लांबीत तुटलेल्या, दिसणाऱ्या तारा एकूण तारांच्या दहा टक्क्यांहून अधिक असतील तर तो दोर वापरू नये. ६ पदर व प्रत्येक पदरात १९ तारा असलेल्या दोरात एकूण ११४ तारा असतात. अशा ९.५ मिलिमीटर दोराच्या ७६ मिलिमीटर लांबीत १२ तारा तुटलेल्या आढळल्या की दोर बाद समजावा. मुरड पडलेला, चेपलेला किंवा आतून गंजलेला दोर तर मोजणी न करताच टाकून द्यावा. जुना दोर गाठ मारून पुन्हा वापरण्याची काटकसर करू नये.

माध्यमिक व तांत्रिक शाळांतील शिक्षकांना विंच हे तरफ, कप्पी, घर्षण आणि विद्युतप्रवाह हे चारही पाठ एकाच वेळी शिकविणारे साधन म्हणून उपयोगी पडेल. आपत्ती निवारणाच्या कामाशी संबंधित तालुका व ग्राम पातळीवरील कर्मचाऱ्यांनी पावसाळ्यापूर्वी आपल्या परिसरात असे मंजुरीप्राप्त वाहन कोठे उपलब्ध आहे, त्याचा चालक प्रशिक्षित आहे काय आणि त्याच्या दोराची तपासणी केव्हा झाली, याची नोंद करून ठेवावी. ऊसतोडीस निघणाऱ्या टोळ्यांच्या मुकादमांनी एक कप्पी, एक रुंद पट्टा, दोन कुदळी आणि चार गोणपाटे गाडीत बरोबर ठेवावीत. रुतलेल्या गाडीपाशी या साध्या वस्तू हाताशी असल्या, तर विंचवर विसंबण्याचा प्रसंग पुष्कळदा येणारच नाही; आणि आलाच, तर तो विंच सुरक्षित रीतीने वापरता येईल.